भिंगरीच्या ताणाचं व्यवस्थापन

४ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. काम शास्त्रीय आहे, आणि शास्त्रीय कामाची आमच्या घरात थट्टा होते.

विषय आमची मुलगी. घरात तिला भिंगरी म्हणतात. वय अठरा. खेळ चालण्याच्या शर्यतीचा, अंतर दहा किलोमीटर. लोक हसतात. चालण्यात कसली आली शर्यत, म्हणतात. मी वाद घालत नाही. माझ्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक फ्रेम लावून आरशात बघत असलं की तेवढ्यात थोडक्यात समजावतो. एक पाय सतत जमिनीला लागलेला हवा, पुढचा गुडघा ताठ हवा, आणि रस्त्याच्या कडेला पंच डोळ्यांत तेल घालून उभे असतात. दोन्ही पाय हवेत दिसले की संपलं. गिऱ्हाईक बहुतेक वेळा पहिलीच फ्रेम घेऊन जातं.

एप्रिलमध्ये निवड स्पर्धा आहे. पहिल्या दोघी राष्ट्रीय कॅम्पला जाणार. भिंगरीला तो कॅम्प हवा आहे. इतका हवा आहे, की त्याबद्दल ती माझ्याशी एक शब्द बोलत नाही.

अडचण एकच. सरावात ती मस्त चालते. स्पर्धेत मात्र, मी समोर उभा राहून सतत ओरडून धीर देत असूनही, तिचे खांदे वर चढतात, मुठी आवळतात आणि वेळ घसरते. तिच्या कोच मॅडम म्हणतात, होईल हळूहळू. मी वाट बघणाऱ्यांतला नाही. निदान केलं आहे. व्यायामाचा ताण. कॉर्टिसोल, म्हणजे ताणाबरोबर शरीरात चढणारं रसायन. उपाय वनस्पतींमध्ये आहे. वाचन चालू.

७ फेब्रुवारी
साडूकडे जाऊन आलो. साडू आधी विमा विकायचे, मग पाणी शुद्ध करायची यंत्रं, आता वनस्पतींच्या अर्कांच्या कॅप्सूल. पलंगाखाली खोकी आहेत. त्यांनी अश्वगंधा दाखवली, आणि ऱ्होडिओला म्हणून एक थंड डोंगरावरची मुळी. या वनस्पती खेळाडूच्या शरीराला ताणाशी जुळवून घ्यायला शिकवतात म्हणे. त्यांना अॅडॅप्टोजेन म्हणतात. शब्द मला फार आवडला. घरी येईपर्यंत तोंडात घोळवला. आल्या आल्या हिला ऐकवला. ही म्हणाली, आधी तो गॅस बंद करा.

८ फेब्रुवारी
मॅडमना मैदानावर गाठलं. बाई मोजकं बोलतात. म्हणाल्या, नको. डबीवर लिहिलेलं नसतं तेसुद्धा डबीत निघतं. लघवीच्या तपासणीत काही सापडलं तर पोरगी काही वर्षं घरी बसेल, आणि तेव्हा साडू येणार नाहीत उत्तर द्यायला. या वनस्पतींवर थोडेफार प्रयोग झालेत, पण खात्री कोणी देत नाही. तिला जेवण द्या, झोप द्या, पाणी द्या आणि शांतता द्या.

पहिल्या तीन गोष्टी घरात आहेतच. चौथीवरच तर मी काम करतो आहे. हे त्यांना समजावायला गेलो तर त्या शिट्टी वाजवून निघून गेल्या.

जुन्या वळणाच्या आहेत. वनस्पतीला कोण पकडणार?

१२ फेब्रुवारी
निश्चय. पोरीला देण्याआधी प्रयोग स्वतःवर. बाप म्हणून तेवढं कर्तव्य आहेच.

सकाळी दोन कॅप्सूल. काही जाणवलं नाही. म्हणून आणखी दोन. अकराच्या सुमारास दुकानात एक आजोबा नंबर काढायला बसले. मी त्यांना तक्ता वाचायला सांगितला. त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, मग उलटा वरपर्यंत वाचत आले, मग कोपऱ्यात छापखान्याचं नाव असतं तेही वाचलं. तोपर्यंत मी भिंतीला टेकून शांत होतो. आजोबांनी माझा खांदा हलवला. घरी कोणी आहे का, विचारलं.

ही झोप नव्हती. रिकव्हरी होती. अर्क परिणामकारक आहे.

दुपारी पोटात गुडगुड. त्याचा संबंध जोडायची गरज नाही.

१६ फेब्रुवारी
मोजमाप सुरू केलं. पद्धत सोपी. भिंगरीला विचारायचं, ताण एक ते दहामध्ये किती? सकाळी दात घासताना विचारलं. बाहेर निघताना विचारलं. आल्यावर, आंघोळीच्या आधी, आंघोळीच्या नंतर, जेवताना. सकाळी तीन होता, जेवताना आठवर गेला. म्हणजे दिवसभर चढत जातो. सरावामुळे चढतो, हे उघड आहे. आज रविवार, सरावाला सुट्टी होती, एवढा एक मुद्दा स्पष्ट व्हायचा आहे.

ही म्हणाली, तिला जरा एकटं सोडा. मी म्हणालो, एकटं सोडलं तर मोजणार कसं? ती भांडी आवरायला निघून गेली.

२० फेब्रुवारी
मनगटावर बांधायची दोन घड्याळं आणली. ताण दाखवतात. एक तिला, एक मला तुलनेसाठी. संध्याकाळी सरावाच्या वेळी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो आणि दर फेरीला तिला ओरडून आकडा विचारला. पहिल्या फेरीत तिचा कमी. मग वाढत गेला. माझा तर इतका वर गेला की घड्याळाने मला खाली बसून दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं.

चालत होती ती, आणि ताण मला कसा? घड्याळांची अदलाबदल झाली असणार. घरी येऊन बदलून बघितली. तरी तेच. दोन्ही घड्याळं बिघडलेली निघाली. हल्ली मालात काही राम राहिलेला नाही.

२५ फेब्रुवारी, सकाळी
आज सुरुवात. दोन कॅप्सूल फोडून अर्क तिच्या सरावाच्या बाटलीत. हे लपवून केलं असं म्हणता येणार नाही. स्वयंपाकघरात, दिवे लावून केलं. फक्त कोणाला सांगितलं नाही. सांगितलं की अपेक्षा तयार होते आणि प्रयोग बिघडतो. शास्त्रात याला मोठं नाव आहे.

२५ फेब्रुवारी, संध्याकाळी
पाणी हिरवट झालं होतं. एवढं लक्षात आलं नाही.

तिने घोट घेतला आणि तिथेच थुंकला. बाटली गटारात रिकामी केली. मग मैदानाच्या मधोमध उभी राहून मला म्हणाली, बाबा, माझी तपासणी झाली असती तर? मी म्हणालो, वनस्पती आहे गं. ती म्हणाली, तुम्हाला हे करताना माझी भीती वाटली नाही, माझ्यासाठीही वाटली नाही? सगळे बघत होते. आवाज कापत होता तिचा.

मी म्हणालो, हा बघ, हाच तो ताण.

नको होतं म्हणायला. वेळ चुकली. मुद्दा बरोबर होता.

२६ फेब्रुवारी
भिंगरीने दोन बाटल्या आणल्या. स्वतः धुते, स्वतः भरते, उशाशी ठेवते. स्वावलंबन वाढलं आहे. खेळाडूमध्ये हा गुण लागतोच.

मॅडमचा फोन आला. बराच वेळ त्याच बोलत होत्या. एवढं बोलू शकतात हे माहीत नव्हतं.

निश्चय: तिच्या बाटलीला पुन्हा हात लावायचा नाही. लावला तर तिला विचारून.

१० मार्च
मधले दिवस शांततेत गेले. फक्त निरीक्षण. ताणाचा आकडा विचारला की ती आता प्रत्येक वेळी पाच म्हणते. सकाळी पाच, संध्याकाळी पाच. स्थिरता आली आहे. मी केवळ स्वतः अर्क घेतो आणि माझ्या शांततेचा परिणाम घरावर होतो, असा माझा अंदाज आहे. ही म्हणते, दुकानात कालपासून दोन चष्मे परत आले.

चांगली बातमी. तेवीस तारखेला पात्रता शर्यत आहे. निवड स्पर्धेत सरळ जागा हवी असेल तर इथे पहिल्या तिघींत यायला हवं. एक किलोमीटरच्या रस्त्यावर फेऱ्या मारायच्या. मध्ये पाण्याचं टेबल असतं. त्या टेबलामागे प्रत्येक खेळाडूचा एक माणूस उभा राहू शकतो, तिच्या बाटल्या द्यायला. नेहमी मॅडम उभ्या राहतात. या वेळी मॅडमच्या हाताखालच्या तीन मुली उतरणार आहेत आणि टेबलं दोन, म्हणजे एक माणूस कमी. मी हात वर केला.

भिंगरीने मॅडमकडे बघितलं. मॅडमनी आभाळाकडे बघितलं.

२२ मार्च
मॅडमनी नियम समजावले. टेबलाच्या मागे उभं राहायचं. हात लांब करून बाटली धरायची. ती घेईल किंवा घेणार नाही. जागेवरून हलायचं नाही, तिच्या बरोबरीने एक पाऊलही चालायचं नाही. पहिल्यांदा इशारा, दुसऱ्यांदा खेळाडू बाद. मी म्हणालो, मॅडम, मी रोज सूक्ष्म काम करणारा माणूस आहे. मॅडमनी सगळं पुन्हा पहिल्यापासून समजावलं.

भिंगरीने दोन बाटल्या भरून माझ्याकडे दिल्या. एकीत साधं पाणी, एकीत मीठसाखरेचं. झाकणं स्वतः घट्ट लावली. म्हणाली, बाबा, फक्त धरा. मला भरून आलं. विश्वास ठेवला पोरीने.

२३ मार्च, दुपारी
जे झालं ते क्रमाने लिहितो. क्रमाने लिहिलं की दोष कुठे आहे ते दिसतं.

पहिल्या चार फेऱ्या ती दुसरी होती. खांदे खाली. मुठी सैल. असं मी तिला स्पर्धेत कधी पाहिलं नव्हतं. टेबलावर मी हललो नाही. तिने पाणी मागितलंही नाही.

पाचव्या फेरीत ती टेबलाकडे आली आणि हात पुढे केला. माझ्या दोन हातांत दोन बाटल्या. इतकी वर्षं मी दुकानात रोज तेच करत आलो आहे. एक भिंग लावायचं, दुसरं लावायचं, विचारायचं, यातून बरं दिसतं की यातून? तोंडातून आपोआप आलं. म्हणालो, हे बरं की हे? तिने डावी धरली. पण ओढली नाही नीट. मला वाटलं, खात्री नसावी. उजवीही पुढे केली. म्हणालो, नाही, आधी दोन्ही बघ. हे? की हे? तोपर्यंत ती पुढे निघाली होती, म्हणून मीही टेबलाला वळसा घालून चार पावलं गेलो. चारच. पंचांनी पिवळं कार्ड दाखवलं.

सहाव्या फेरीत मी खांबासारखा उभा राहिलो. सातव्या फेरीत ती आली तेव्हा खांदे वर चढलेले. चेहरा पांढरा. मला बघवलं नाही. तिला सांगायचं होतं की काळजी करू नकोस, मी आता हलणार नाही. हे सांगायला मी तिच्या बरोबर गेलो.

लाल कार्ड.

ती दुसरीच होती तेव्हाही.

फुटपाथच्या कडेला बसून तिने बुटाच्या नाड्या सोडल्या. नंतर पुन्हा बांधल्या. पुन्हा सोडल्या. मॅडम तिच्या शेजारी जाऊन बसल्या. मी जवळ गेलो तर मॅडमनी नुसता तळहात दाखवला. पोर रडत होती. माझ्यामुळे रडत होती.

२३ मार्च, संध्याकाळी
पुन्हा विचार केला. टेबल फार आखूड होतं. वळसा घालता येणार नाही असं टेबल असायला हवं होतं. आयोजकांना लिहिणार आहे.

२६ मार्च
भिंगरी बोलत नाही. माझ्याशी नाही. ताणाचा आकडा विचारला नाही. विचारला असता तर कळलं असतं.

मॅडमनी धावपळ केली. पात्रता शर्यतीत बाद झाली तरी आधीच्या वेळेच्या जोरावर निवड स्पर्धेत उतरता येतं, तेवढी तिची वेळ आहे. पण आता थेट तेरा एप्रिल. मधे संधी नाही.

अर्काचा डोस मी वाढवला आहे. माझा. घरात कोणीतरी शांत असायला हवं.

२९ मार्च
ही आज ठामपणे म्हणाली की तेरा तारखेपर्यंत भिंगरी मावशीकडे राहील. मावशी म्हणजे हिची बहीण, साडूंची बायको. त्यांचं घर मैदानाला लागून आहे, येण्याजाण्याचा वेळ वाचेल. मी म्हणालो, वेळ मोजून बघू, किती वाचतो ते. ही म्हणाली, बॅग भरून झाली आहे.

मी विरोध केला नाही. कारण माझ्या डोक्यात लगेच प्रकाश पडला. साडूंचं घर! खोकीच्या खोकी! मी स्वतः सोडायला गेलो, आणि निघताना एक सीलबंद डबी साडूंच्या हातात ठेवली. बोलायला वाव नव्हता, ही शेजारी उभी होती. म्हणून साडूंना डोळा मारला. साडू जाणकार माणूस. त्यांनी मान हलवली.

मी शब्द मोडलेला नाही. तिच्या बाटलीला मी हात लावणार नव्हतो. लावलेला नाही.

५ एप्रिल
हिच्याकडून कळतं. मॅडम रोज सकाळी उठल्या उठल्या मुलींची नाडी तपासतात. शरीर थकलं असलं, ताण असला, की ती चढलेली असते. भिंगरीची उतरायला लागली आहे. झोप नीट लागते. काल म्हणे मावशीशी पत्ते खेळताना मोठमोठ्याने हसत होती.

अर्क काम करतोय! मी टाळी वाजवली. हिने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, डास.

९ एप्रिल
नाडी आणखी उतरली. मॅडम खूश आहेत. बिचाऱ्यांना कारण माहीत नाही. निकाल लागल्यावर सांगेन, मोठ्या मनाने. तपासणीचं काय, असा विचार एकदा सकाळी मनात आला. दुपारी पुन्हा आला. मग जात नाही. वनस्पतीला कोण पकडणार, हे वाक्य पूर्वी बरं वाटायचं.

साडूंना फोन लावला. लागला नाही.

११ एप्रिल
साडूंना पुन्हा फोन. मावशीने उचलला. म्हणाली, ते गावाला गेलेत, काय निरोप आहे? मी म्हणालो, काही नाही, सहज. तिने विचारलं, भिंगरीला देऊ का फोन? मी नको म्हणालो. काय विचारणार होतो मी तिला?

जेवण गेलं नाही.

१३ एप्रिल, सकाळी
मी मैदानावर जायचं नाही असं ठरलं आहे. ठरवलं हिने आणि मॅडमनी. मीही सहमती दिली, कळवल्यावर.

दुकान उघडलं. रविवार, त्यामुळे कोणी नाही. भिंगं पुसतो आहे. तिच्या पोटात तो अर्क गेला असेल आणि आज तपासणी झाली तर माझी पोर घरी बसेल. बाटली तर तिची तिने राखली, पण मावशीच्या घरातलं जेवण कोण राखणार? हे मी केलं. मीच केलं. पायात चपला घातल्या आणि काढल्या. गेलो तर तिचे खांदे चढतील. नाही गेलो तर?

१३ एप्रिल, दुपारी
हिचा फोन. भिंगरी दुसरी आली. आतापर्यंतची तिची सर्वांत चांगली वेळ. निवड झाली.

मी विचारलं, तपासणी झाली का? ही म्हणाली, पहिल्या तिघींची झाली, पण तुम्ही आधी अभिनंदन तरी म्हणा. मी म्हणालो. मग दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आत बसून राहिलो.

१४ एप्रिल
साडू परतले. दुकान न उघडता त्यांच्या घरी गेलो. विचारलं, रोज किती देत होता? ते म्हणाले, काय? मी म्हणालो, डबी! साडू आत गेले आणि डबी घेऊन आले. सील जसंच्या तसं. म्हणाले, तुम्ही दिली म्हणून ठेवून घेतली, मला वाटलं माल परत करताय. मी विचारलं, मग मी डोळा मारला तो? साडू म्हणाले, मला वाटलं तुमच्या डोळ्यात काही गेलंय, चष्मेवाल्याला मी काय सांगणार?

मी त्यांच्या पलंगावर बसलो. इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं. पोरीने काहीच खाल्लेलं नाही. काहीच नाही.

मग मी विचारलं, नाडी कशाने उतरली? साडू म्हणाले, कोण जाणे. इथे ती नुसती जेवायची, चालायची आणि झोपायची. कोणी तिला काही विचारत नव्हतं.

घरी चालत आलो. या वाक्यावर विचार केला. प्रयोगात एकच गोष्ट बदलली होती. घर. बाकी सगळं तेच होतं, तोच सराव, त्याच मॅडम; आणि आई तर इथेही तिला काही विचारत नव्हती. म्हणजे गोष्ट मी होतो.

निरीक्षण लहान आहे. एकाच खेळाडूवर केलेलं. त्यावरून निष्कर्ष काढू नये. पण काढला.

२० एप्रिल
भिंगरी कॅम्पला गेली. बसस्टँडवर तिने बॅग मला उचलू दिली. मी एकही प्रश्न विचारला नाही. जबडा दुखतोय.

बस सुटायच्या आधी तिने हिच्याशी ठरवलं. फोन रविवारी, आईने करायचा. मी विचारलं, आणि मी? ती माझ्याकडे वळली. म्हणाली, तुम्ही शेजारी बसा बाबा. बोलू नका. पहिला महिना तरी नको. रागाने नाही म्हणाली. नीट, समजावून म्हणाली. मी गिऱ्हाइकांना समजावतो तसं.

मी म्हणालो, चालेल.

२७ एप्रिल
रविवार. फोन झाला. मी शेजारी बसलो होतो.

भिंगरी खूप बोलत होती. खोलीतली मैत्रीण घोरते. जेवणात रोज तीच भाजी. तिथला रस्ता गुळगुळीत आहे. पहिल्या दिवशी तिला रडू आलं, मग हसू आलं. शर्यतीच्या आधी तिला कायम वाटायचं की आपल्याला उलटी होणार, ते आता वाटत नाही. हे मला माहीत नव्हतं. इतकं बोलते, हेही माहीत नव्हतं.

मधे एकदा तिने विचारलं, बाबा आहेत का तिथे? ही म्हणाली, आहेत.

ती म्हणाली, बरं. मग दोघी पुन्हा बोलायला लागल्या.